पाचोळ्याचा भाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो. झाडाखाली उभे राहून वर बघत बसण्याची सवय त्यामुळे जुनीच आहे. पण झाडाखाली उभे राहून बेरीज करायची वेळ आली ती पन्नाशी उलटल्यावर. सांताक्रूझ पूर्वेला आमची जुनी सोसायटी आहे. घरे 28 आणि आवारात झाडे 11. पाच नारळ, दोन पर्जन्यवृक्ष, दोन अशोक, एक गुलमोहर आणि एक आंबा. आंबा आमच्या अब्बांनी लावलेला. बहुधा तेवढ्याच पुण्याईवर मला कमिटीत घेतले गेले आणि झाडांचे खाते माझ्या गळ्यात पडले.

पावसाळ्याआधी फांद्या छाटणे ही मुंबईत हौस नसते. 26 जुलै 2005 रोजी याच सांताक्रूझच्या वेधशाळेने 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला. 17 मे 2021 च्या तौक्ते वादळात शहरभर झाडे उन्मळली. तेव्हापासून वारा सुटला की आमच्याकडे पहिली नजर पर्जन्यवृक्षाकडे जाते आणि दुसरी त्याखाली उभ्या केलेल्या गाड्यांकडे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही छाटणीसाठी तीन कोटेशने मागवली. एक 34,000 रुपयांचे, दुसरे 31,000 चे आणि तिसरे 18,000 चे. काम तेच, झाडे तीच. सभेत फार चर्चा झाली नाही. 18,000 वाल्याला हात वर झाले, त्यात माझाही हात होता.

दोन दिवसांत काम झाले, आवार चकाचक झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा फिरायला वाकोला नाल्याच्या बाजूने गेलो. काठावर फांद्यांचा ढीग पडला होता, अर्धा पाण्यात उतरलेला. त्या ढिगात एक निळा आकाशकंदील अडकला होता. तीन दिवाळ्यांपासून आमच्या पर्जन्यवृक्षावर लटकणारा, कुणाला काढता न आलेला. मी त्याला लगेच ओळखले.

हा वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. त्या नदीने 2005 साली काय केले हे सांताक्रूझ-कुर्ल्याच्या माणसाला सांगायला नको. नाल्यात फांदी अडकते, फांदीत प्लॅस्टिक अडकते आणि मग पाणी कडेच्या वस्तीत शिरते. ज्यांच्या दारात एकही झाड नाही, त्यांच्या घरात आमच्या झाडांचा कचरा जाणार होता.

घरी येऊन मी 31,000 चे कोटेशन पुन्हा काढले. त्या गृहस्थांनी प्रत्येक बाब वेगळी लिहिली होती. झाडावर चढणारी दोन माणसे, दोन दिवस, रोज 1,800 प्रमाणे 7,200. खालचे चार मजूर, दोन दिवस, रोज 900 प्रमाणे 7,200. पाच नारळ, झाडामागे 400 प्रमाणे 2,000. टेम्पोच्या चार फेऱ्या, फेरीला 2,200 प्रमाणे 8,800. करवती, दोर आणि इंधनाचे 1,300. विमा, देखरेख आणि नफा मिळून 4,500. एकूण 31,000.

आता गंमत बघा. मजुरी आणि नारळ यांचेच 16,400 होतात. म्हणजे 18,000 वाल्याकडे उरले 1,600. त्यात टेम्पोची एक फेरीसुद्धा बसत नाही. भाव कमी नव्हताच. उरलेले पैसे त्याने नाल्याच्या नावावर टाकले होते. आणि विम्याचे पैसे झाडावर चढलेल्या माणसाच्या नावावर. तो माणूस दोराशिवाय चढला होता, हे मी खिडकीतून पाहिले होते आणि त्याच्या चपळाईचे कौतुकही केले होते. आज त्याची लाज वाटते.

या धंद्यात भाव कसा बसतो, हे त्यानंतर मी जरा समजून घेतले. पहिली गोष्ट म्हणजे पैसे झाडांच्या संख्येवर ठरत नाहीत, अडचणीवर ठरतात. मोकळ्या मैदानातले उंच झाड सोपे असते. तेच झाड भिंतीला लागून असले, खाली गाड्या असल्या, मधून विजेची तार गेली असली की प्रत्येक फांदी दोराला बांधून हळूहळू खाली सोडावी लागते. वेळ वाढतो आणि वेळ म्हणजे मजुरी. फाटकातून टेम्पो आत येत नसेल तर फांद्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत न्याव्या लागतात, तीही मजुरीच.

दुसरी गोष्ट, हा कचरा वजनाने महाग पडत नाही, फुगवट्याने पडतो. पिंजलेला कापूस आणि दाबलेली गादी यांत जो फरक, तोच सुट्या फांद्या आणि तुकडे केलेल्या फांद्या यांत. गुलमोहराच्या फांद्या तशाच भरल्या की टेम्पो भरलेला दिसतो, पण आत निम्म्याहून अधिक हवाच असते. त्या हवेचेही भाडे आपण देतो. म्हणूनच भाव किलोवर नसतो, फेरीवर असतो. इंग्लंडमध्ये अनेक नगरपालिका बागेच्या कचऱ्यासाठी घरटी वार्षिक वर्गणी घेतात. तिथेही हिशेब पेटीचा असतो, वजनाचा नाही.

तिसरी गोष्ट ओंडक्यांची. जाड लाकडाला गिऱ्हाईक असते, पाचोळ्याला नसते. लाकूड कंत्राटदार नेणार असेल तर त्याचे पैसे बिलातून वजा झाले का, हे विचारावे. आणि कुठली फांदी कुठपर्यंत कापायची याच्या खुणा आधीच करून घ्याव्यात, नाहीतर लाकडाच्या लोभाने छाटणीची तोड होते.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाड आपल्या आवारात असले तरी महापालिकेच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. आमचा अर्ज एच पूर्व विभागात जातो. परवानगी हातात आल्याशिवाय करवत चालवू नये. आणि बागेच्या कचऱ्याबद्दल बोलायचे तर, 2016 च्या घनकचरा नियमांनी तो आपल्याच आवारात वेगळा ठेवून महापालिका सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावण्याचे बंधन घातले. रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायला, जाळायला त्याच नियमांनी मनाई केली. म्हणजे टेम्पो फाटकाबाहेर गेला की आपला संबंध संपला, असे समजणे चूक आहे.

मागच्या वर्षी मी सभेत दोन आकडे मांडले. 31,000 आणि 18,000 यांतला फरक 13,000, आणि तो 28 घरांत वाटला तर घरटी साधारण 465 रुपये. वर्षातून एकदा. मग निळ्या कंदिलाची हकीकत सांगितली. या वेळी हात 31,000 वाल्याला वर झाले.

त्यांचा माणूस कमरेला पट्टा बांधून चढला. खाली आल्यावर चहा घेताना मी विचारले, "दोराने काम हळू होत नाही का?" तो म्हणाला, "काका, उलट लवकर होतं. दोर नसला की एक हात झाड धरण्यातच जातो." त्यानेच जाताना आम्हाला पैसे वाचवायची युक्ती सांगितली. "पाला कशाला नेताय? इथेच जिरवा."

यंदा आम्ही तसे केले. आवाराच्या कोपऱ्यात जाळीचा हौद बांधला. पाचोळा आणि बारीक डहाळ्यांचे तुकडे त्यात टाकतो, मधूनमधून स्वयंपाकघरातला ओला कचरा, थोडे पाणी, आणि पंधरा दिवसांनी वरखाली करतो. नुसता सुका पाला कुजायला फार वेळ घेतो, ओल्या कचऱ्याची जोड मिळाली की काही महिन्यांत खत होते. टेम्पोच्या फेऱ्या चारच्या दोन झाल्या. 4,400 रुपये वाचले आणि बिल आले 26,600. दर तेच, माणसे तीच, विमाही तोच.

तुमच्याकडे कोटेशन आले तर खालचा आकडा सर्वांत शेवटी बघा. आधी तीन प्रश्न विचारा. वर चढणाऱ्या माणसाला दोर आणि विमा आहे का? कचऱ्याच्या फेऱ्या किती धरल्या आहेत? आणि टेम्पो रिकामा कुठे होणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसून "ते आमच्यावर सोडा" म्हणाला, तर सोडू नका. आम्ही सोडले होते.

हौदातले पहिले खत आम्ही आंब्याला घातले. मोहराचे काय होते ते पुढच्या माघात कळेल.