सूक्ष्मसंगणकाच्या आज्ञावलीतील दोषशोधन व हार्डवेअर साधने : यंत्रमागाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूरची चादर जॅकार्डच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची जागा सूक्ष्मसंगणकातील आज्ञावली घेते. धोटा मिनिटाला १२० वेळा फेकला जात असेल, तर प्रत्येक फेकीस अर्धाच सेकंद मिळतो. तेवढ्यात ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे याचा संकेत पोहोचला नाही, तर चूक थेट कापडात विणली जाते. असे दोष केवळ सॉफ्टवेअरच्या साहाय्याने शोधणे का अवघड ठरते आणि हार्डवेअर साधने नेमके काय करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून परिचित असलेल्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या संचावर ब्रेकपॉइंट देताना मूळ आज्ञेच्या जागी एका बाइटची आरएसटी आज्ञा लिहिता येते. म्हणजे जिची तपासणी करावयाची, ती आज्ञावलीच बदलली जाते. ईप्रॉममध्ये असे लिहिताही येत नाही. याहून मोठी अडचण वेळेची आहे. ३ मेगाहर्ट्‌झ गतीने चालणारा ८०८५ एका रजिस्टरमधील मजकूर दुसऱ्यात सुमारे १.३ मायक्रोसेकंदात नेतो. ब्रेकपॉइंटवर तो थांबतो, माग मात्र थांबत नाही. दोन इंटरप्ट लागोपाठ आल्यानेच उद्भवणारा दोष एकेक आज्ञा चालवून पाहू जाता नाहीसा होतो.

लॉजिक अ‍ॅनालायझर प्रोसेसरला थांबवीत नाही. त्याच्या वाहिन्यांवरील संकेत तो केवळ नोंदवितो. ८०८५ मध्ये पत्त्याचे खालचे ८ बिट आणि डेटा एकाच पिनांवरून जात असल्याने ते वेगळे करण्यासाठी एएलई संकेताचा आधार घ्यावा लागतो. ठरविलेली घटना घडण्यापूर्वीच्या नोंदीही तो राखून ठेवतो, हा त्याचा खरा उपयोग. कारण दोषाचे मूळ त्या आधीच्या क्षणांत असते. रजिस्टरमध्ये काय आहे हे मात्र त्याला दिसत नाही.

ही उणीव इन-सर्किट एम्युलेटरने भरून काढली. इंटेलने १९७५ मध्ये ८०८० साठी आइस-८० हे असे साधन आणले. सॉकेटमधील प्रोसेसर काढून तेथे एम्युलेटरचा प्लग बसविला जातो. पत्त्यांवर लक्ष ठेवणारे तुलनाकारक त्यातच असल्याने ईप्रॉममधील आज्ञेवरही थांबता येते. शिवाय एम्युलेटरची रॅम ईप्रॉमच्या जागी वापरता येते. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीसाठी अतिनील प्रकाशाखाली ईप्रॉम पुसण्याचा खटाटोप वाचतो. किंमत मात्र भारी, आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी जोडणी!

१९९० मध्ये आयट्रिपलई ११४९.१, म्हणजेच जेटॅग, हे मानक प्रसिद्ध झाले. पुढे दोषशोधनाची परिपथरचना चिपमध्येच सामावली व तिच्याशी संपर्क साधण्यासाठी हीच जोडणी रूढ झाली. तथापि अशा तुलनाकारकांची संख्या मर्यादित असते. एआरएम कॉर्टेक्स-एम३ मध्ये आज्ञांसाठी ते साधारणतः ६ असतात. येथेही ब्रेकपॉइंटवर प्रोसेसरच थांबतो. म्हणून जॅकार्डची तपासणी करताना मागाची मोटर आधी बंद करावी लागते आणि चालत्या मागावरच दिसणाऱ्या दोषासाठी पुन्हा लॉजिक अ‍ॅनालायझर जोडावा लागतो.