महाविद्यालयीन अध्यापनाची कला आणि तिची कदर

(नभोवाणीवरील भाषण)



प्राथमिक शाळेतील शिक्षकाला वर्गापुढे उभे राहण्यापूर्वी अध्यापनाची पदविका घ्यावी लागते. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला बी.एड. ही पदवी लागते. दोघांनाही प्रशिक्षणाच्या काळात पाठटाचणे लिहावी लागतात व सरावपाठ द्यावे लागतात. मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक त्यांच्या आवाजावर, फलकलेखनावर आणि प्रश्नांच्या मांडणीवर शेरे देत असतात. परंतु आपली मुले वयाच्या अठराव्या वर्षी ज्या वर्गात जाऊन बसतात, त्या महाविद्यालयाच्या वर्गात शिकविणाऱ्यास सामान्यतः अशी कोणतीही स्वतंत्र पदवी लागत नाही. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट ही परीक्षा आणि बहुधा पीएच.डी. एवढी सामग्री असली की झाले. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, असे आपण गृहीत धरीत आलो आहो. हे गृहीत कितपत खरे आहे, ह्याचा आज थोडा विचार करू.

ह्या समजुतीला आपल्याकडे जुना इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे सोपविलेले होते. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे, ही तरतूद 1904 च्या कायद्याने आली. त्यामुळे परीक्षा कशी घ्यावी ह्याचे नियम आपल्याकडे प्रथम झाले, आणि शिकवावे कसे हा प्रश्न ज्याच्या त्याच्या बुद्धीवर राहिला.

त्या काळीही उत्तम प्राध्यापक झाले, ह्यात शंका नाही. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. अल्प वेतनावर हे व्रत चालवून ते 1902 साली निवृत्त झाले. परंतु अशी निष्ठा मागून मिळत नाही, आणि ती सर्वत्र असेल असे धरून हजारो महाविद्यालयांची व्यवस्था चालत नाही. कौशल्य जाणूनबुजून वाढवावे लागते आणि वाढलेले कौशल्य ओळखावेही लागते.

हे कौशल्य म्हणजे नेमके काय? केवळ खणखणीत आवाज व ओघवती वाणी नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे 1984 साली पदार्थविज्ञान शिकवू लागले. विद्यार्थी त्यांच्यावर प्रसन्न होते व परीक्षेतील कठीण गणितेही सोडवीत असत. पुढे 1990 च्या सुमारास त्यांनी बल व गती ह्यांविषयीच्या अगदी साध्या कल्पना तपासणारी एक प्रश्नावली वर्गाला दिली. न्यूटनचा तिसरा नियम तर सर्वांच्या परिचयाचा. पण अवजड मालमोटार व लहान मोटार एकमेकींवर आदळल्या असता कोण कोणावर अधिक जोर लावते, ह्यासारख्या प्रश्नांत पुष्कळ जण फसले. वस्तुतः दोन्ही जोर सारखेच असतात. सूत्रे मुखोद्गत होती, समज मात्र आलेली नव्हती. मग माझूर ह्यांनी आपली पद्धत बदलली. व्याख्यान मध्येच थांबवून ते एक प्रश्न घालीत. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तर द्यावयाचे, नंतर शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यावयाचे आणि पुन्हा उत्तर द्यावयाचे. ह्या पद्धतीवर त्यांनी 1997 साली पुस्तक लिहिले, आणि ती पुढे अनेक देशांत पसरली.

ह्या उदाहरणात दोन बोध आहेत. विद्यार्थ्यांची पसंती हा चांगल्या शिकविण्याचा एकमेव पुरावा नव्हे, हा पहिला. नोकरीची कित्येक वर्षे झाल्यावरही, किंबहुना तेव्हाच, अध्यापक खऱ्या अर्थाने वाढू शकतो, हा दुसरा.

ह्या वाढीच्या स्थूलमानाने तीन पायऱ्या मानता येतील. आरंभीच्या वर्षांत नव्या प्राध्यापकाचे सर्व लक्ष स्वतःकडे असते: तास पुरेल का, अभ्यासक्रम संपेल का, कोणी अवघड प्रश्न तर विचारणार नाही ना? दुसऱ्या पायरीवर त्याचे लक्ष विद्यार्थ्याकडे वळते. ह्याला कोठे अडले, ह्याने कोणती चुकीची कल्पना मनात धरली आहे, ह्याचा तो शोध घेऊ लागतो. तिसऱ्या पायरीवर तो आपल्या वर्गाबाहेर पाहतो. तो अभ्यासक्रम बांधतो, घोकंपट्टीने सुटणार नाहीत अशा प्रश्नपत्रिका काढतो आणि नव्या सहकाऱ्यांना हाताशी धरतो. केवळ वर्षे लोटल्याने ह्या पायऱ्या चढता येत नाहीत. तीच पिवळी पडलेली टिपणे वीस वर्षे वाचून दाखविणाऱ्याचे वय वाढते, अनुभव वाढत नाही.

ह्या कामी आपल्या देशात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी प्राध्यापकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे त्यांना मानव संसाधन विकास केंद्रे म्हणू लागले, आणि 2023 पासून हे काम मालवीय मिशन ह्या नावाखाली आले. नव्यांसाठी प्रास्ताविक अभ्यासक्रम व जुन्यांसाठी उजळणीवर्ग अशी ही योजना उपयुक्त आहे. तथापि हे वर्ग काही आठवड्यांचे असतात. प्रमाणपत्र घेऊन प्राध्यापक परतला की त्याच्या वर्गाचे दार पुन्हा बंद होते, आणि आत काय चालते हे विद्यार्थ्यांवाचून कोणास कळत नाही.

आता कदरीचा प्रश्न. आयोगाच्या 2018 च्या नियमांत अध्यापनाचे मोजमाप असे ठरले: नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के वा अधिक तास घेतले तर शेरा ‘चांगला’; 70 ते 80 टक्क्यांपर्यंत ‘समाधानकारक’; त्याखाली ‘असमाधानकारक’. तास नियमाने घेणे अवश्यच आहे. पण ह्या हिशेबाने तास किती भरले हे कळते, तासात काय घडले हे कळत नाही. उलट, संशोधनाच्या गुणतक्त्यात मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकेका लेखाला विज्ञानशाखांत 8 व भाषा-मानव्यशाखांत 10 गुण ठेवलेले होते. अशा स्थितीत एखाद्या तरुण प्राध्यापकाने रात्र जागून पाठाची तयारी करण्याऐवजी आणखी एक लेख लिहिला, तर दोष त्या एकट्याचा कसा म्हणावा?

इतर देशांनी ह्यावर काही उपाय योजले आहेत. ब्रिटनमध्ये 2004 साली उच्च शिक्षणाची एक अकादमी स्थापन झाली. 2018 पासून तिचे काम ‘अॅडव्हान्स एचई’ ही संस्था पाहते. तेथे अध्यापनासाठी साहाय्यक फेलो, फेलो, वरिष्ठ फेलो व प्रमुख फेलो अशा चार श्रेणी आहेत. ह्या श्रेणी प्राध्यापकाच्या वाढीच्या पायऱ्यांशी जुळणाऱ्या आहेत. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेने 2001 साली ह्याहून एक पाऊल पुढे टाकले. तेथे प्राध्यापक आपल्या अध्यापनाची एक संचिका तयार करतो. आपण काय शिकविले, तसेच का शिकविले, विद्यार्थ्यांना काय आले, आणि त्यावरून आपण काय बदलले, हे तो तीत पुराव्यांसह मांडतो. जाणकार सहकारी ती तपासतात व त्याच्याशी चर्चा करतात. पसंत पडल्यास त्याचे वेतन वाढते, आणि विशेष म्हणजे त्याच्या विभागालाही जास्त निधी मिळतो. साहजिकच चांगला शिक्षक हा साऱ्या विभागाच्या अभिमानाचा विषय होतो.

कोणी म्हणेल, अध्यापन ही कला आहे, ती मोजावी कशी? आक्षेप योग्य आहे. एका मापाने ती मोजता येणार नाही; विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाने नाही आणि परीक्षेच्या निकालानेही नाही. परंतु विद्यार्थ्यांचा अभिप्राय, सहकाऱ्याने वर्गात बसून केलेले निरीक्षण, प्रश्नपत्रिका आणि स्वतःची संचिका ही सर्व एकत्र ठेवली, तर जाणत्या माणसास निर्णय करता येतो. संगीताची परीक्षा गजाने होत नाही. म्हणून गाणाऱ्यांत तरतमभाव नाही असे आपण मानतो काय? आपल्या सरकारनेही 2023 पासून शिक्षकदिनाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उच्च शिक्षणातील अध्यापकांना स्थान दिले, हे स्तुत्य आहे. मात्र पुरस्कार मूठभरांना मिळतात. बढतीचा नियम सर्वांना लागू होतो.

ह्यात पणास काय लागले आहे, तेही पाहावे. मराठी माध्यमातून शिकलेला खेड्यातील मुलगा पहिल्या वर्षाच्या वर्गात इंग्रजी व्याख्यान ऐकत बसतो. शेजारचा मुलगा समजल्यासारखी मान हलवितो. ह्याला मात्र काही उमगत नाही, आणि दिवाळीपर्यंत त्याची खात्री होते की आपलीच बुद्धी तोकडी. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणीला पैसे आहेत, तो वाईट शिकविण्यातूनही तरून जातो. दुसऱ्याला आधार एकच, समोर उभा असलेला शिक्षक. म्हणून अनुभवी प्राध्यापकांनी पहिल्या वर्षाचे वर्ग आवर्जून घ्यावेत, आणि संस्थांनी हे काम त्यांच्या मानाचे समजावे.

पालकांनाही ह्यात काही करता येईल. महाविद्यालय निवडताना आपण इमारत पाहतो, निकाल पाहतो, नोकऱ्यांचे आकडे पाहतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: पहिल्या वर्षाला कोण शिकविते? प्राध्यापक एकमेकांच्या वर्गात कधी जाऊन बसतात काय? आणि उत्तम शिकविणाऱ्याला येथे त्याबद्दल काय मिळते? हे प्रश्न पुरेशा घरांतून येऊ लागले, तर संस्थांना त्यांची उत्तरे शोधावीच लागतील.