काच वर येईना तेव्हा

संपादकांनी यंदा ‘वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा’ असा आग्रह धरला, आणि मला गेल्या आषाढातली एक रात्र आठवली. खानापूर तालुक्यातील एका वृद्ध रुग्णाला घरी तपासून मी बेळगावला परतण्यास निघालो होतो. रुग्णाच्या मुलाला औषधांविषयी शेवटची सूचना द्यावी म्हणून माझ्याजवळच्या बटणाने मोटारीची डावीकडची काच खाली केली. ती पुन्हा वर येईना. ना आवाज, ना हालचाल. बाहेर पाऊस कोसळत होता आणि डाव्या आसनावर ईसीजीचे यंत्र होते. ते माझ्या रेनकोटात गुंडाळून मागे ठेवले, आणि घरी पोहोचेपर्यंत मी स्वतः ओलाचिंब झालो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये ‘मोटर गेली, संपूर्ण संच बदलावा लागेल’ असे निदान झाले. दार कोणी उघडले नव्हते. पण मलाही ते पटले. सुटा भाग येण्यास चार दिवस लागणार होते. मधे रविवार आला, उघड्या दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडत होता, आणि मी स्वतःच आत डोकावून पाहण्याचे ठरवले. तेव्हा जे उमगले ते क्रमाने सांगतो.

दाराची शरीररचना

दाराच्या पोकळीत १२ व्होल्टवर चालणारी एक लहान मोटर असते. विजेच्या दोन टोकांची अदलाबदल केली की ती उलट फिरते. म्हणून एकच मोटर काच वरही नेते आणि खालीही आणते. मोटरच्या दांड्यावरील मळसूत्री दंतचक्रामुळे गती घटते, बळ वाढते, आणि वर गेलेली काच हाताने सहसा खाली दाबता येत नाही. पुढे काही गाड्यांत कात्रीसारखे उघडझाप करणारे लोखंडी हात, तर काहींत कप्प्यांवरून फिरणारी पोलादी दोरी काचेला उचलते. काचेच्या दोन्ही कडा रबराच्या खाचेतून सरकतात. या सर्वांना वीज पुरवणाऱ्या तारा गाडीच्या खांबातून दारात शिरतात, त्या बिजागरीजवळच्या एका रबरी नळीतून. दार जितक्या वेळा उघडते, तितक्या वेळा या तारा तेथे वाकतात.

आधी तपासणी

लक्षणांवरून बरेच कळते. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर दोरी तुटलेली किंवा प्लास्टिकची पकड फुटलेली असावी. काच रखडत चढते, तर रबराच्या खाचेत धूळ साचली असावी. आवाजच नसेल तर दोष बहुधा विजेचा. अशा वेळी प्रथम चालकाजवळचे मुलांसाठीचे कुलूपबटण चुकून दाबले गेले नाही ना, हे पाहावे. नंतर फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा, अधिक क्षमतेचा कधीही नाही.

एक परीक्षा बिनखर्चाची आहे. अंधारात गाडीतला दिवा लावून काचेचे बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला, तर वीज मोटरपर्यंत जात आहे आणि मोटर वा यंत्रणा अडकली आहे. दिव्यात फरक पडला नाही, तर प्रवाह कोठेतरी खंडित आहे. माझा दिवा तसूभरही मंदावला नाही. उरल्या तीन काचा नीट चालत होत्या आणि फ्यूज शाबूत होता.

मग दार उघडले. प्रज्वलन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची ऋण तार सुटी; कारण हात आत असताना काच हलली तर बोटांची खैर नाही. आजकाल काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचे संवेदकही असतात. म्हणून तार सोडल्यावर काही मिनिटे थांबून मगच आतल्या जोडण्यांना हात लावावा. काच वर अडकली असेल तर ती चिकटपट्टीने चौकटीला बांधून ठेवावी. हँडलमागचे स्क्रू प्लास्टिकच्या टोपणाखाली दडलेले असतात. कडेच्या खुंट्या उचकटण्यास मी जीभ दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या एकत्र करून वापरल्या. रंगावर ओरखडा उठला नाही. आतील प्लास्टिकचा कागद मात्र जपून सोडवावा. दारात झिरपणारे पावसाचे पाणी तोच गाडीत येऊ देत नाही.

मापनापुरती बॅटरी जोडून, हात बाहेर ठेवून, मल्टिमीटरची टोके मोटरच्या जोडणीला लावली. बटण वर ओढले, खाली दाबले. दोन्ही वेळा शून्य. वीजच पोहोचत नसेल तर मोटरला दोष कसा द्यायचा? फ्यूजमधून वेगळ्या तारांनी १२ व्होल्ट थेट दिले, आणि ‘गेलेली’ मोटर तत्काळ फिरली.

न ऐकलेला इतिहास

येथे मला शरमेने एक गोष्ट नमूद करावी लागते. महिनाभर आधी पत्नीने सांगितले होते, “माझ्या बाजूच्या बटणाने काच हलत नाही हो.” मी म्हटले होते, “मी इकडून करतो ना!” आणि विषय संपला होता. त्या वाक्यातच निदान होते. माझ्या बटणाने मोटर चालत होती, म्हणजे ती निरोगी होती. दोष तिच्या बटणात किंवा त्याला वीज देणाऱ्या तारेत होता. ती तार आणि माझ्या बटणाचा हुकूम नेणाऱ्या दोन तारा एकाच रबरी नळीतून जातात. पहिली तार तुटली तेव्हा पत्नीने तक्रार केली. दुसरी तुटली तेव्हा मी पावसात भिजलो.

बॅटरी पुन्हा सुटी करून नळी मागे सरकवली, तर दोन तारांचे तांबे हिरवट पडून तुटलेले, तिसरीचे आवरण तडकलेले. रुग्णाचे म्हणणे अर्ध्यावर तोडू नये, असे कनिष्ठ सहकाऱ्यांना मी आयुष्यभर सांगत आलो आहे.

उपचार आणि पथ्य

तिन्ही तारांचे खराब तुकडे कापून तितक्याच जाडीच्या, अनेक पेडांच्या मऊ तारा मधे जोडल्या. जोड सोल्डर करून त्यांवर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली. शल्यचिकित्सकांना ठाऊक असलेला नियम येथेही लागू पडतो: जोडावर ताण नको. तारेला थोडी ढील ठेवली आणि जोड वाकण्याच्या जागेपासून दूर घेतले. रबराच्या खाचा पुसून सिलिकॉनचा फवारा मारला. खनिज तेलाने रबर फुगते, ते टाळावे.

बॅटरी सोडल्यावर, एका स्पर्शात आपोआप बंद होणाऱ्या काचेला बऱ्याच गाड्यांत पुन्हा शिकवावे लागते: काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि बटण काही सेकंद तसेच धरून ठेवायचे, नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. हे राहिले तर अडथळा लागताच मागे फिरण्याची सोय काम करीलच असे नाही. ज्या गाडीत ती सोय आहे, तेथे तिची परीक्षा गुंडाळलेल्या टॉवेलने घ्यावी, बोटाने नव्हे. घरात नातवंडे असतील तर मागच्या काचांचे कुलूपबटण दाबलेलेच असू द्यावे.

लोखंडी हातांची यंत्रणा मात्र घरी सोडवू नये. तिच्या स्प्रिंगचा ताण बोट चिरडू शकतो. फुटलेली काच बदलणेही कारागिराचेच काम.

आणखी एक सांगणे, आपल्या भागासाठी. गाडी पुराच्या पाण्यात शिरलीच, तर पहिल्या काही क्षणांतच पट्टा सोडून काच खाली करावी आणि बाहेर पडावे. पाणी चढल्यावर बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही, आणि विजेची काचही दगा देऊ शकते. म्हणून मृगाच्या आधी एखाद्या सकाळी चारही काचा, प्रत्येक दाराच्या आपापल्या बटणाने, एकदा खालीवर करून पाहाव्यात. आमच्याकडे आता हे काम पत्नी करते, आणि ती जे सांगेल ते मी लिहून घेतो.