दीक्षाभूमीची गाडी आणि टोलचा हिशेब

अशोक विजयादशमी आली की वस्तीतली पाच-सहा कुटुंबे वर्गणी काढून गाडी ठरवतात. भाडे, डिझेल ठरते. टोलचे कोणी बोलत नाही. मग नाक्यावर फास्टॅगमध्ये पैसे नसले की भांडण! राष्ट्रीय महामार्गावर फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. तो चालू नसल्यास यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट, असा नियम 15 नोव्हेंबर 2025 पासून आला. म्हणजे 100 रुपयांचे 200. हा भुर्दंड वर्गणीतून का जावा? टॅग गाडीमालकाचा, तो चालू ठेवणे त्याचेच काम. निघण्याआधी शिल्लक विचारा, टोल कोणाकडे ते कागदावर घ्या. परतल्यावर कपातीचे मेसेज मागा. 24 तासांत त्याच नाक्यावरून परतलात, तर परतीचा टोल निम्माच लागतो. ही सवलतही वर्गणीदारांचीच.