तेल दिसते तिथे गळत नाही

परदेशांतले काही हौशी लोक मोठ्या मोटारीतच घर थाटतात. पुढे डिझेल इंजिन, मागे चूल, अंथरूण आणि संसार. आमच्या करंज्याला असली मोटार आलेली मी काही पाहिली नाही. पण चालते घर पाहायचे असेल, तर वाचकहो, आमच्या धक्क्यावर या. उरणच्या दक्षिणेला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी आमचे गाव. समोर खाडीपलीकडे रेवस. धक्क्याला लागलेल्या प्रत्येक ट्रॉलरवर सहा-आठ माणसे आठवडा आठवडा राहतात, तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. आणि त्यांच्या पायाखाली, लाकडी फळ्यांच्या आड, एक म्हातारे डिझेल इंजिन धडधडत असते.

अशाच एका इंजिनाने या वर्षी माझी खोड मोडली, ती ही हकीगत.

एकतीस वर्षे मी मोटारींच्या खाली काढली. पनवेलच्या बाजूला बसगाड्यांच्या दुरुस्तीत फिटर म्हणून लागलो आणि हेडमिस्त्री होऊन घरी आलो. त्यामुळे गावात कुणाचे मशीन कुरकुरले, की हाक मला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नाखवा आहे. त्याच्या ट्रॉलरवरचे सहा सिलिंडरचे इंजिन मूळचे मालमोटारीचे. निम्मे आयुष्य घाटात काढून मग त्याची समुद्रावर बदली झालेली.

मे महिन्याच्या अखेरीस भाचा आला आणि म्हणाला, "मामा, तेल काय थांबत नाय. एका फेरीला पाच लिटर वर ओततोय."

मी जाऊन पाहिले. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या खाली, काळेभोर तेल टपकत होते. मी वाकलोसुद्धा नाही. म्हणालो, "क्रँकशाफ्टची मागची सील गेली."

मिस्त्रीचा तोरा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेवढ्या दोन महिन्यांत होड्यांची सारी दुखणी काढायची. मागची सील बदलणे म्हणजे लहान काम नव्हे. सील पाच बोटांत मावणारी, पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स बाजूला घ्यावा लागतो, फ्लायव्हील उतरवावे लागते. बोटीच्या पोटात उभे राहायला जागा नाही. साखळीची कप्पी लावून, गुडघ्यांवर बसून, आम्ही तिघांनी ते काम तीन दिवसांत केले. इंजिन चालू करून अर्धा तास धक्क्यालाच मंद ठेवले. एक थेंब पडला नाही. बहिणीने त्या रात्री मला आग्रहाने जेवू घातले. मीही तोऱ्यात जेवलो.

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ वाहिला आणि होडी गेली. तिसऱ्या दिवशी परत आली. जाळे दोनदाच पाण्यात पडलेले, बर्फ निम्मा वितळलेला आणि इंजिनाखाली तेलाचे तळे. सात लिटर तेल गेले होते. प्रेशरचा काटा खाली येऊ लागला, तेव्हा तांडेलाने शहाणपणाने होडी वळवली होती.

फेरीचे डिझेल आणि बर्फ यांसाठी बहिणीने आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळले. ती मला काहीच बोलली नाही. मुकाट्याने भाकरी वाढली. तिने दोन शब्द सुनावले असते, तर घास सुखाने उतरला असता.

थेंबाची किंमत

वाचक म्हणतील, थोडे तेल गळले तर एवढे काय? वरून ओतावे! पण इंजिनातले तेल हे देवघरातल्या समईचे तेल नव्हे. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. लोखंड त्यावर तरंगत फिरते. खालच्या चेंबरमधले तेल फार उतरले, की पंप तेलाऐवजी हवा ओढतो, पापुद्रा फाटतो, बेअरिंगे वितळतात आणि इंजिन जखडते. रस्त्यावर असे झाले तर माणूस उतरून झाडाखाली बसतो. किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैलांवर, लाटांवर आडवी पडणारी होडी घेऊन बसायला झाड नसते.

शिवाय गळलेले तेल जाते कुठे? होडीच्या तळात. तिथे ते पाय घसरवते, आगीला निमंत्रण देते आणि तळातले पाणी उपसले की खाडीत उतरते. ज्या खाडीवर पोट भरायचे तिच्याच तोंडात आपण तेल ओततो. त्याचा वास मासळीला लागला, तर ससून डॉकवरचा व्यापारी भाव पाडायला टपलेलाच असतो.

आधी धुवा, मग शोधा

आता मात्र मी उमेदवारीच्या दिवसांतले पाठ पुन्हा गिरवायला बसलो. पहिला पाठ असा, की तेलकट इंजिनावर गळती शोधू नये. रॉकेल आणि ब्रश घेऊन आम्ही सारे इंजिन घासले, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने पुसले, फडक्याने कोरडे केले. घाण पाणी डब्यात धरले, खाडीत सोडले नाही. मग त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. भाचेसून रांगोळी घेऊन आली होती; तिला परत पाठवले. रांगोळी ही दगडाची पूड. तिचा कण चुकून आत गेला, तर इंजिनाचीच रांगोळी व्हायची.

दुसरा पाठ, जे गळते ते तेलच आहे याची खात्री करावी. दोन बोटांत चोळून पाहावे. डिझेल पातळ, उग्र वासाचे. इंजिनाचे तेल बुळबुळीत, धरून राहणारे.

तिसरा पाठ मी बोटीवरच नव्याने शिकलो. मोटारीत इंजिन जवळजवळ सपाट बसते. होडीत ते मागे कललेले असते, कारण पंख्याचा दांडा तिरका खाली पाण्यात जातो. म्हणजे वरच्या टॅपेट कव्हरमधून गळो, तेलाच्या फिल्टरमधून गळो की बाजूच्या पॅकिंगमधून, तेल उतार धरून मागेच येणार आणि फ्लायव्हीलखालीच टपकणार. घरात पाणी पलंगावर पडते म्हणून कौल पलंगाच्या बरोबर वर फुटलेले असते, असे थोडेच आहे? वाशावरून ओघळत ते लांबून येते. मी मात्र पलंगच बदलला होता.

इंजिन मंद चालवले. पावडर कोरडी. हीच माझी जुलैमधली फसगत! या खेपेस होडी चार दोरांनी धक्क्याला घट्ट बांधली, गिअर टाकला आणि इंजिनावर भार दिला. दहा मिनिटांत पावडरीवर काळ्या रेघा उमटल्या. एक टॅपेट कव्हरच्या कडेने, एक पुढच्या टोकाशी, आणि तेलाची पट्टी जिथे खोचतात त्या नळीतून बारीक तुषार. मागची नवी सील तेवढी निर्दोष होती.

इंजिनाचा कोंडलेला श्वास

एकाच वेळी तीन सांधे कसे फुटतील? घर एकदम तीन ठिकाणी गळू लागले, तर कौले मोजू नयेत. वारा कुठून शिरतो ते पाहावे. मी तेल ओतायचे झाकण सैल केले. ते तव्यावरच्या लाहीसारखे उडू लागले. आत दाब कोंडला होता.

इथे थोडे डिझेलसाहेबांविषयी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९३ साली आपल्या इंजिनाचे पेटंट मिळवले आणि १८९७ मध्ये ते यशस्वीपणे चालवून दाखवले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. १९१३ साली इंग्लंडला जाताना हा गृहस्थ बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. त्याच्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात तेल आपोआप पेटावे. एवढ्या दाबापुढे पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या, तरी थोडा वायू खाली चेंबरमध्ये निसटतोच. त्याला आमचे मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. तो वायू बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली, की वायू मिळेल त्या सांध्यातून वाट काढतो आणि जाताना तेलाला बरोबर नेतो.

माझ्या पोटात गोळा आला. रिंगाच झिजल्या असतील, तर सारे इंजिन उघडावे लागणार. म्हणजे हंगाम गेला आणि पाटल्याही गेल्या. जीव मुठीत धरून मी ब्रीदरची नळी चाचपत वर गेलो. ती केबिनच्या बाजूला संपत होती. तिच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला होता आणि वर जाळ्याच्या दोऱ्याने पक्की गाठ मारली होती.

"हे कुणी केले?"

कुणी बोलेना. शेवटी सर्वांत लहान खलाशी पुढे आला. स्वयंपाक त्याच्याकडे. वय अठरा-एकोणीस. म्हणाला, "मामा, धूर चुलीपाशी येत होता. जेवणाला वास लागायचा, रात्री डोकं दुखायचं. म्हणून एप्रिलात बांधलं."

"मग सांगितले का नाहीस?"

"कुणी इचारलंच नाय."

खरे होते. मी इंजिनाला विचारले, सीलला विचारले, माझ्या एकतीस वर्षांना विचारले; इंजिनाच्या उशाशी झोपणाऱ्या माणसाला तेवढे विचारायचे राहिले. भाचा त्याच्या अंगावर धावला, त्याला मी आवरले. पोराचा उपाय चुकीचा होता, तक्रार चुकीची नव्हती.

दुरुस्ती

बोळा काढला. ब्रीदरच्या डब्यातली तारेची जाळीही काळ्या गाळाने भरली होती. ती डिझेलमध्ये धुऊन घेतली. इंजिन चालू केले, तर झाकण जागचे हलेना. नळीतून धूर आला तो पातळ, मंद; तोच जर गाडीच्या चिमणीसारखा भसाभसा आला असता, तर रिंगांचे मरण ठरलेले होते. टॅपेट कव्हरचे बुचाचे पॅकिंग दाबाने आणि उष्णतेने कडक झाले होते. ते पनवेलहून नवे आणले. कव्हर पत्र्याचे, म्हणून बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळले. जोर करून आवळले, की पत्रा वाकतो आणि गळती कायमची होते. पॅकिंगला चिकटवायचा लगदाही फासला नाही. त्याचे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात.

आणि त्या पोराचे काम केले. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती केबिनच्या छपराबाहेर नेली. मध्ये कुठे झोळ ठेवला नाही, नाहीतर त्यात पाणी साचते. टोक खाली वाकवले, म्हणजे पाऊस आणि लाटेचे पाणी आत शिरत नाही. इतकी साधी गोष्ट. एप्रिलमध्ये कुणी केली असती, तर पुढचे रामायण घडलेच नसते.

होडी पुन्हा गेली. त्या सहा दिवसांत मी धक्क्यावर किती फेऱ्या घातल्या ते बहिणीला विचारा. सातव्या दिवशी पहाटे भाचा माल उतरवून आला, तो तेलाची पट्टीच हातात घेऊन. पाव लिटरसुद्धा तेल गेले नव्हते. पाटल्या सुटायला अजून दोन-तीन चांगल्या फेऱ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला त्या बहिणीच्या हातात असतील.

तो खलाशी पोरगा मात्र आता मला सोडत नाही. मी होडीवर पाय ठेवला, की सारे सांगतो: कुठला बोल्ट वाजतो, कुठल्या फळीत पाणी झिरपते, तांडेल झोपेत काय बडबडतो आणि चहाची साखर संपली आहे. मी सगळे ऐकून घेतो. साखरसुद्धा.