धुराचा माग आकाशातून

बिलोली तालुका मांजरेच्या काठाला, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट, वेचणी संपल्यावर जाळलेल्या पऱ्हाट्या, वीटभट्ट्या, वाळूच्या टिप्परमागे उडणारा फुफाटा... हवा कशाने बिघडते हे अशा भागात सगळ्यांना दिसतं. पण कशाचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. हवा मोजणारी केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लातूरचं नाव आहे, पण तो कार्यक्रमच मुळात शहरांसाठीचा.

ही उणीव काही अंशी उपग्रह भरून काढतात.

युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ हा उपग्रह ऑक्टोबर २०१७ मध्ये अवकाशात गेला. सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून तो रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातले ठरावीक रंग वेगवेगळे वायू शोषून घेतात. कोणता रंग किती कमी झाला, यावरून नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू ओळखता येतात. कित्येक महिन्यांची मोजमापं एकत्र केली आणि वाऱ्याची दिशा जोडली, की धुराचं उगमस्थान नकाशावर उमटतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये ग्रीनपीसने ‘नासा’च्या उपग्रहाच्या नोंदींवरून सल्फर डायऑक्साइडच्या मोठ्या स्रोतांची यादी मांडली. त्यात महाराष्ट्रातले चंद्रपूर आणि कोराडी होते, तेलंगणातलं रामगुंडमही होतं. तिन्ही ठिकाणी कोळशावर चालणारी औष्णिक वीजकेंद्रं आहेत. वायू राज्याची सीमा पाळत नाहीत. त्यामुळे सीमेवरच्या तालुक्यांना असा दोन राज्यांचा एकत्र नकाशा फार मोलाचा आहे.

शेतातल्या जाळाचा शोध वेगळ्या पद्धतीने लागतो. उपग्रहावरचं ‘व्हीर्स’ हे उपकरण ३७५ मीटरच्या चौकटीत जमिनीची उष्णता टिपतं आणि जाळाच्या जागी नकाशावर ठिपका उमटतो. ‘नासा’च्या ‘फर्म्स’ या सेवेवर हे ठिपके साधारण तीन तासांत कुणालाही फुकट पाहता येतात.

मात्र या नजरेला मर्यादा आहेत. सेंटिनेलची एक चौकट सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरची, म्हणजे पावणेपाच हजार एकरांची. त्यात एक वीटभट्टी वेगळी दिसणं अवघड. पावसाळ्यात ढग आड येतात. दुपारी उपग्रह निघून गेल्यावर संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर त्याच्या नोंदीत येत नाही. शिवाय उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतला वायू मोजतो. अंगणातलं मूल श्वासातून किती धूर घेतं, हे त्यातून थेट कळत नाही.

म्हणून जमिनीवरची मोजणी हवीच. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने बिलोलीसारख्या तालुक्यांतही हवा मोजणारी यंत्रं बसवावीत. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी हे फुकट नकाशे उघडावेत, ठिपक्याच्या जागी जाऊन तिथे काय जळलं त्याची नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेपुढे मांडावी.