चला, एक सेमिस्टर जर्मनीला!

एक्स्चेंजसाठी जर्मनीतल्या विद्यापीठात निवड झाली की घरात एकाच वेळी दोन आघाड्या उघडतात. एकीकडे व्हिसा, विमा, बँक; दुसरीकडे मसाले, चटण्या, थर्मल. या धावपळीत एक साधी गोष्ट नजरेआड होते. सेमिस्टर सहा महिन्यांचं असतं आणि त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवस जेमतेम साडेतीन महिन्यांचे. हा वेळ फार मोलाचा आहे. तिथल्या नियमांशी आणि रीतिरिवाजांशी इथूनच ओळख करून घेतलीत, तर तो रांगांमध्ये आणि गोंधळात वाया जाणार नाही. त्यासाठीच या काही मजेदार, पण कामाच्या गोष्टी.

‘मम्मा इरॅस्मस’ची चिकाटी

युरोपात एक्स्चेंज म्हटलं की पहिलं नाव येतं ‘इरॅस्मस’चं. या योजनेचं मूळ आहे एका विद्यार्थिनीच्या अपमानात. इटलीची सोफिया कोराडी, म्हणजेच ‘मम्मा इरॅस्मस’, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकली आणि १९५८मध्ये रोमला परतली. तिथल्या विद्यापीठाने तिचं अमेरिकेतलं शिक्षण धरायलाच नकार दिला. मग तिने परदेशात केलेला अभ्यास मायदेशी मान्य व्हावा यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८७मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज याच योजनेच्या विस्तारित रूपातून, विद्यापीठांमध्ये करार असेल तर, भारतातले विद्यार्थीही एका सेमिस्टरसाठी युरोपात जाऊ शकतात.

फी इथे, वर्ग तिथे

दोन विद्यापीठांमध्ये करार असला की साधारणपणे फी आपल्याच कॉलेजला भरायची आणि वर्गात बसायचं तिकडे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १,५०० युरो शिक्षणशुल्क घेतं, पण करारावर आलेल्या एक्स्चेंज विद्यार्थ्याला ते माफ असतं. त्याच राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे!

१० पैकी १० नको, १ हवा

जर्मनीत १.० म्हणजे अव्वल, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. गुणांची अदलाबदल ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने होते. समजा, तुमचा सीजीपीए १० पैकी ८.५ आहे आणि पास व्हायला ४ लागतात. मग १०मधून ८.५ वजा करा, त्याला ३ने गुणा, १० आणि ४ यांच्या फरकाने म्हणजे ६ने भागा आणि त्यात १ मिळवा. उत्तर येतं १.७५. हा आकडा घरी फोनवर सांगताना तो उत्तम आहे हेही लगेच सांगा.

क्रेडिटचं गणित आधी, तिकीट नंतर

युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला ३०. जर्मनीत एका क्रेडिटमागे सुमारे ३० तासांचं काम धरलं जातं आणि त्यात वर्ग, वाचन, परीक्षेची तयारी असं सगळं आलं. कुठले विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात आपल्याकडचे कुठले विषय सुटणार, हे ‘लर्निंग ॲग्रीमेंट’मध्ये लिहून त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. सोफियाने ज्या हक्कासाठी इतकी वर्षं घालवली, तो हक्क या कागदावर असतो. तिकडचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. आपल्या परीक्षांच्या तारखा यात हमखास अडकतात, त्यामुळे परीक्षा विभागाशी निघण्याआधीच बोला.

पैसे तुमचेच, पण हप्त्याहप्त्याने

विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाची तजवीज दाखवावी लागते. शिष्यवृत्ती किंवा हमीपत्र नसेल तर रूढ मार्ग म्हणजे ‘ब्लॉक्ड अकाउंट’. सप्टेंबर २०२४पासून त्याचा हिशेब महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा आहे. पैसे आधी एकरकमी भरायचे आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कमच हातात येते. पहिल्या महिन्यातच सगळी पुंजी उडून जाण्याची भीती त्यामुळे राहत नाही.

नारळ चालतो, पेढा नाही

युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं घरीच. ताजी फळं-भाज्या न्यायच्या तर वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. मात्र डिसेंबर २०१९पासून लागू झालेल्या नियमात पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. त्यामुळे आईने ओटीतला नारळ बॅगेत घातला तर तो कायद्यात बसतो, पण हापूसची पेटी बसत नाही. याच हापूससह भारतीय आंब्यांवर युरोपीय संघाने २०१४मध्ये फळमाशीच्या कारणावरून बंदी घातली होती आणि २०१५च्या सुरुवातीला ती उठवली. गोडा मसाला, हळद, पापड, मेतकूट मात्र खुशाल न्या.

कुकर निवडताना चुंबक लावून बघा

वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. लागतो तो फक्त पिन बसवण्यासाठी ॲडाप्टर. खरी फसगत होते कुकरची. होस्टेलच्या स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडी असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही, कारण इंडक्शनला चुंबकाला चिकटणारं बूड लागतं. घरातला चुंबक बुडाला लावून पाहा. चिकटला तर कुकर चालेल.

पहिले दोन आठवडे पत्त्याचे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. या नोंदणीवर पुढची अनेक कामं अवलंबून असतात, म्हणून अपॉइंटमेंट भारतातूनच शोधायला लागा. नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत सार्वजनिक प्रसारणाच्या वर्गणीचं पत्र येतं: घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ती भरायची. दिलासा एवढाच, की वर्गणी घरटी असते, माणशी नव्हे. चौघे एका फ्लॅटमध्ये राहत असतील तर ती चौघांत वाटून घेता येते.

रविवारी दुकानं बंद

जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे आणि त्याला संविधानाचं संरक्षण आहे. १९१९च्या वायमार संविधानातलं कलम १९४९च्या संविधानात जसंच्या तसं घेतलं गेलं. म्हणून दूध, ब्रेड, कांदे शनिवारीच आणून ठेवा. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात. रविवारी ड्रिल मशीन चालवणं तर नाहीच, पण काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकणंही वर्ज्य, कारण आवाज होतो. हे पाळलंत की शेजारी तुम्हाला आपलं मानू लागतात.

चार बाटल्या, एक युरो

पाण्याची प्लास्टिकची बाटली किंवा पेयाचा कॅन घेतला की किमतीवर २५ सेंट अनामत पडते. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि ती काउंटरवर दिली की पैसे परत. एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनसाठी ही पद्धत २००३पासून आहे. नळाचं पाणी उत्तम असतं, त्यामुळे घरून नेलेली स्टीलची बाटली रोजच उपयोगी पडते.

दहाचा वर्ग सव्वादहाला

वेळापत्रकात १०च्या पुढे ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर व्याख्यान १०.१५ला सुरू होतं, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर १०ला. ही पाव तासाची सवलत विद्यापीठांची जुनी परंपरा आहे. बाकी सगळीकडे मात्र घड्याळाचा काटा पाळायचा. व्याख्यान संपलं की टाळ्या वाजत नाहीत. सगळे विद्यार्थी मुठीने बाकावर टकटक करतात आणि ती प्राध्यापकांना दिलेली दाद असते. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. काही दिवसांतच तुमचीही मूठ आपोआप बाकाकडे जाते.

कॅम्पसवर घसरगुंडी आणि तुरुंग

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या गार्शिंग कॅम्पसवर गणित आणि संगणकशास्त्राच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली येणाऱ्या दोन भल्यामोठ्या घसरगुंड्या आहेत. गणितज्ञांच्या घरात शोभेल असा त्यांचा आकार पॅराबोलाचा! १३८६मध्ये स्थापन झालेल्या हायडेलबर्ग विद्यापीठात तर चक्क विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. रात्री दंगा करणाऱ्या पोरांना १९१४पर्यंत तिथे डांबत आणि त्यांना व्याख्यानांना मात्र जाऊ देत. त्यांनी भिंतींवर काढलेली चित्रं आणि नावं आजही पाहता येतात. ग्योटिंगेनमध्ये पीएच.डी. झाली की कारंज्यावरच्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचं चुंबन घ्यायची प्रथा आहे. १९२६मध्ये त्यावर बंदी आली, तरी प्रथा टिकलीच.

आजीचा फोन आणि घड्याळाची उडी

हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात आणि घरच्यांशी ठरलेली फोनची वेळ एका रात्रीत चुकते. तारखा आधीच कॅलेंडरवर लिहा. डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये तो रात्री साडेनऊपर्यंत असतो. हिवाळी सेमिस्टर घेतलंत तर दुपारच्या उजेडात रोज अर्धा तास बाहेर चाला. मन ताजं राहतं.

ट्रेन उशिरा आली तर पैसे परत

जर्मन वक्तशीरपणाच्या गोष्टी रेल्वेला लागू करू नका. २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या सुमारे ६२.५ टक्के गाड्याच वेळेवर धावल्या आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर त्यात ‘वेळेवर’च धरलेला आहे. पण प्रवाशाचे हक्क भक्कम आहेत. मुक्कामी पोहोचायला तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात. काही कारणांना अपवाद आहे, पण अर्ज करायला विसरू नका.

वाढदिवस आधी नाही!

जर्मन मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवस आधी देऊ नका, ते अशुभ मानतात. केक मात्र ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. तुमचा वाढदिवस सेमिस्टरमध्ये येत असेल तर रव्याचा केक किंवा शिरा करून न्या. ओळखी वाढवायला याहून सोपा उपाय नाही.

ही वाट जुनी आहे

इरावती कर्वे १९२८मध्ये पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापं घेतली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा गुरूच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष निर्भयपणे मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये शिकत असताना १९२१मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. तिथलं शिक्षण पुढे झालं नाही, पण नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे. आणि ही ये-जा एकतर्फी नव्हती. हायडेलबर्गचे प्राध्यापक ग्युंथर सोन्थायमर महाराष्ट्रात येऊन धनगरांमध्ये फिरले, त्यांच्या ओव्या जमवल्या, खंडोबा आणि बिरोबाच्या परंपरांवर आयुष्यभर लिहीत राहिले. पाहुणा म्हणून आलेला अभ्यासक यजमानांना त्यांचीच संस्कृती नव्याने दाखवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

सगळ्यात महत्त्वाचं: माणसं

२०२३-२४च्या हिवाळी सेमिस्टरमध्ये जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून भारतीय हा परदेशी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट ठरला. म्हणजे गाव कुठलंही असो, आपली माणसं भेटतातच. गणपती असो वा दिवाळी, मोठ्या शहरांत मराठी मंडळी एकत्र जमतात, तिथे जरूर जा. पण सगळ्या संध्याकाळी आपल्याच घोळक्यात घालवू नका. १९८९पासून विद्यार्थीच चालवत असलेल्या ‘इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क’ची शाखा तुमच्या विद्यापीठात आहे का पाहा, नवख्यांना सोबती जोडून देणाऱ्या ‘बडी’ उपक्रमात नाव नोंदवा, विद्यापीठाच्या क्रीडा विभागातला एखादा स्वस्त वर्ग लावा. भाषेचा जोडीदार शोधा: त्याने तुम्हाला जर्मन शिकवायची, तुम्ही त्याला मराठी किंवा हिंदी.

हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत करा. तिसऱ्या महिन्यात ओळखी करायला निघालात तर तोवर परतीच्या तिकिटाची चर्चा सुरू झालेली असते. कागदपत्रं, कुकर आणि क्रेडिट यांचा बंदोबस्त इथूनच करून निघा आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी जेवायला बोलवा.